हे खरे आहे काय?

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाची एक ठरलेली वीण असते. अमुक वसाहतीतल्या इमारतींच्या छताचे भाग कोसळत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय? समोरून येणारी उत्तरंही तितकीच घोटीव असतात. ‘होय.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘बाब तपासण्यात येत आहे.’ आणि सगळ्यांत खाली, झाकण लावावं तसं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

नवी मुंबईतून निवडून गेलेल्या आमदारांनी या साच्यात पुष्कळ विषय ओतले. त्यातले दोन मात्र पक्ष बदलले, सरकारं बदलली, मतदारसंघांच्या सीमा बदलल्या तरी सुटले नाहीत. समोर एवढं पाणी असताना मुंबईला जायला बोट का नाही, हा एक. सरकारी महामंडळाने बांधून विकलेल्या घराचं छत राहणाऱ्याच्या डोक्यावर का पडतं, हा दुसरा. वरवर पाहता एक बंदर खात्याचा, दुसरा नगरविकासाचा. पण दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. इतर शहरांत सरकार फार तर पंच असतं. या शहरात जमीनमालक, नियोजनकार, बिल्डर आणि भाडेपट्टा देणारा, सगळं सरकारच. त्यामुळे इथला आमदार प्रश्न विचारतो तेव्हा ज्याने काम केलं त्यालाच ते काम कसं झालं हे विचारत असतो.

बोटीची गोष्ट शहराहून जुनी आहे. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी मचव्यात बसायचा. बंदर ओलांडून, खाडीतून वर पनवेलला उतरायचा आणि तिथून पुढे घाटाची वाट धरायचा. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेल बंदराला खरी बरकत आली. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी चढली आणि पनवेलचं महत्त्व ओसरलं. उरणचं मोरा बंदर आणि अलिबागकडचं रेवस मात्र भाऊच्या धक्क्याला धरून राहिले. कारण तिकडच्या माणसाला मुंबई समोर दिसते आणि रस्त्याने जायचं तर सगळ्या खाडीला वळसा.

या पाण्यावरच्या प्रवासाची किंमत १७ जुलै १९४७ रोजी कळली. आषाढ अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोट ज्या देशी कंपनीची होती तिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. एवढी मोठी बोट मुंबईच्या तोंडाशी बुडाली, पण शहराला कित्येक तास पत्ता नव्हता. जे वाचले त्यांतल्या बहुतेकांना कोळ्यांच्या होड्यांनी उचललं. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं, त्या धांदलीत ही बातमी देशासाठी लवकर मागे पडली. रायगड किनाऱ्यावरच्या गावांत ती अजून मागे पडलेली नाही.

नवी मुंबईची कल्पना याच पाण्याकडे तोंड करून मांडली गेली. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६४-६५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याला पर्याय सुचवला. मुलकराज आनंद संपादक असलेल्या ‘मार्ग’ नियतकालिकाचा जून १९६५ चा अंक त्यालाच वाहिलेला होता. मुंबई उत्तरेकडे, लोकलच्या रुळांच्या कडेने लांबत चालली आहे, ती पूर्वेला बंदरापलीकडे न्या, म्हणजे शहर एका गोल पाण्याभोवती बसेल, असा साधारण विचार. त्यातली एक अट महत्त्वाची होती. सरकारने स्वतः आधी पलीकडे जायचं. मंत्रालय आणि त्याभोवतीची कार्यालयं हलली की नोकऱ्या हलतील, नोकऱ्यांमागून माणसं.

हे शहर उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. राज्य सरकारच्या पूर्ण मालकीची, पण कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी. ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. कोरिया काही वर्षं तिचे मुख्य वास्तुविशारदही होते. सगळं कागदावर जुळून आलं, फक्त मंत्रालय हललं नाही. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहत होते आणि १९८१ मध्ये नवं विधान भवनही तिथेच झालं. बेलापूरला मिळालं ते कोकण भवन. मंत्री आणि सचिव बेलापूरला बसले असते तर बोटसेवेवर एकही तारांकित प्रश्न विचारावा लागला नसता, असं मला नेहमी वाटतं. मलबार हिलवरच्या बंगल्यातून कार्यालयात जायला त्यांनाच ती लागली असती.

या शहरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांचा प्रश्न सभागृहात आधी पोचला, बोटीचा आणि घराचा फार नंतर. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील पनवेलमधून अनेकदा निवडून आले, विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, दोनदा लोकसभेतही गेले. तारीख, गट नंबर, दर असं सगळं तोंडपाठ ठेवून ते बोलत. सभागृहात उत्तर मिळालं नाही ते रस्त्यावर मागितलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दोन दिवस आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण गमावले. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्या बळींच्या जोरावर. संसदीय आयुधांवर निष्ठा असलेल्या माणसाला हे मान्य करायला जड जातं, पण १९८४ च्या आधीच्या प्रश्नोत्तरांनी जे झालं नाही ते त्या दोन दिवसांनी झालं. ही योजना लक्षात ठेवावी, कारण घरांच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

सत्तरच्या दशकात वाशीचा खाडीपूल झाला आणि सिडकोने वाशीत घरं बांधायला घेतली. नंतर नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे. त्या घरांना नावं नव्हती, टाइप होते. वाशीतल्या ‘जेएन-१’, ‘जेएन-२’ या अक्षरांनी दोन पिढ्यांची पोस्टाची पत्रं आली. गिरगाव-परळच्या चाळीतल्या खोलीतून आलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, माथाडी कामगाराला स्वतःचा संडास आणि खिडकीत वारा मिळाला. अल्प उत्पन्न गटातल्या माणसाला सरकारने हप्त्यावर घर द्यावं, ही त्या काळाची खरोखर मोठी गोष्ट होती. ते विसरून नुसती टीका करण्यात अर्थ नाही.

मग पोपडे पडायला लागले. आधी न्हाणीघराच्या छताला ओल, तपकिरी डाग. एका पावसाळ्यात रंगासकट प्लास्टर फुगून खाली येतं, त्यामागे सळई दिसते, लालसर, सोलून निघालेली. खाडीकाठच्या खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून आत झिरपतात आणि सळईवर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून सळई आतून काँक्रीट फोडते. काँक्रीट दाट असेल, सळईवरचं आवरण पुरेसं जाड असेल आणि वरच्या मजल्यावरची गळती वेळेत थांबवली असेल तर हे व्हायला खूप वर्षं लागतात. वाशीत तेवढी वर्षं लागली नाहीत. वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतींत लोक स्वयंपाकघरात लोखंडी टेकू लावून त्याच्या शेजारी पोळ्या लाटत होते.

दोष कोणाचा, हा प्रश्न नव्वदीनंतर आणखी गुंतला. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिका सुरू झाली. पाणी, कचरा, रस्ते तिच्याकडे गेले, बांधकाम परवानगीही गेली. जमीन मात्र सिडकोकडेच, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. धोकादायक इमारत जाहीर करणं महापालिकेचं काम, पुनर्बांधणीला ना हरकत देणं सिडकोचं, चटईक्षेत्र वाढवणं नगरविकास खात्याचं. रहिवासी सिडकोत गेला की महापालिकेत जा, महापालिकेत गेला की शासनाचा निर्णय यायचाय. आमदाराने सभागृहात विचारलं की उत्तर नगरविकास खात्याकडून येणार आणि बराच काळ ते खातं मुख्यमंत्र्यांकडेच राहिलेलं. म्हणजे राज्यातल्या सगळ्यांत ताकदवान माणसाला सिडकोची बाजू मांडावी लागे.

अडचण पैशाचीही होती. मूळ इमारतीने एक चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाएवढं बांधकाम, वापरून संपवलेला. पाडून पुन्हा बांधायचं तर बिल्डरला विकायला एक चौरस फूटही उरत नव्हता आणि रहिवाशाच्या खिशात बांधकामाचा खर्च नव्हता. म्हणून अडीच चटईक्षेत्राची मागणी पुढे आली आणि ती नवी मुंबईच्या राजकारणाचा कणा बनली. सभा कुठलीही असो, भाषणाला ‘अडीच एफएसआय’ आल्याशिवाय टाळी नव्हती. गणेश नाईक १९९५ च्या युती सरकारात मंत्री होते आणि २००४ नंतरची दहा वर्षं आघाडी सरकारातही. त्याच काळात, २००९ पासून, त्यांचे पुत्र संदीप नाईक ऐरोलीचे आमदार म्हणून सभागृहात हा विषय मांडत होते. वडील उत्तर देणाऱ्यांच्या बाकांवर, मुलगा प्रश्न विचारणाऱ्यांत. यात गमतीपेक्षा आपल्या पद्धतीची मर्यादा जास्त दिसते. मंत्र्याला दुसऱ्याच्या खात्याला जाहीर प्रश्न विचारता येत नाही, आमदाराला विचारता येतो पण सही करता येत नाही.

२०१४ मध्ये बेलापुरात भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईकांना १,४९१ मतांनी हरवलं. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, सिडकोनिर्मित धोकादायक इमारतींसाठी अडीच चटईक्षेत्राला सरकारने मान्यता दिली. श्रेयाचे फलक कोणी किती लावले हे वाशीकरांना आठवत असेल. फलक उतरले तेव्हा कळलं की मान्यता ही सुरुवात होती. सोसायटीतल्या सभासदांची संमती, बिल्डरची निवड, पर्यायी जागेचं भाडं, रस्त्याची रुंदी, सिडकोचं शुल्क, न्यायालयातल्या याचिका, हे सगळं त्यापुढचं. २०२० च्या अखेरीस मुंबई वगळून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि मग कुठे वाशीच्या जुन्या सेक्टरांत पत्रे लागले, क्रेन उभ्या राहिल्या.

बोटीच्या बाबतीत सरकार असं गप्प नव्हतं, उलट उत्साहच जास्त. १९९४ मध्ये गेटवे ऑफ इंडियाहून बेलापूर आणि वाशीसाठी हॉवरक्राफ्ट सुरू झाली. पाण्यावर तरंगत, फवारे उडवत येणारं ते यान बघायला लोक धक्क्यावर जमत. १९९९ पर्यंत ती सेवा बंद पडली. पुरेशा सोयी नव्हत्या हे खरं, पण दुसरं कारण मे १९९२ मध्येच मानखुर्दहून वाशीला पोचलं होतं, लोकल. ज्याच्याकडे पास आहे तो माणूस कितीही गर्दी असली तरी कितीतरी महाग हॉवरक्राफ्टकडे वळत नाही.

तिकिटाहून चिवट अडचण खाडीच्या तळाशी आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. खाडीत वर वर जावं तसा गाळ वाढतो. सकाळी ज्या पायरीवर लाँच टेकली, त्या पायरीखाली दुपारी नुसता चिखल असतो. मोऱ्याला हे नेहमीचंच आहे. मोठ्या ओहोटीला लाँच बंद आणि प्रवासी धक्क्यावर डबा उघडून पाणी चढायची वाट बघत बसतात. गाळ काढायला पैसा लागतो, पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा भरतो आणि ‘गाळ काढला’ या वाक्याखाली उद्घाटनाची कोनशिला बसवता येत नाही. मला वाटतं, जेट्ट्या वाढत गेल्या आणि बोटी वाढल्या नाहीत याचं निम्मं कारण इथेच आहे.

आणि धक्काही एकाच्या हातात नाही. १९९६ पासून राज्याच्या किनाऱ्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आहे. भाऊचा धक्का मात्र मुंबई बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राचा. बेलापूरची जेट्टी मेरीटाइम बोर्डाची, नेरूळची सिडकोची. काठावरची तिवरं तोडायची तर वन विभाग आणि उच्च न्यायालय. उतरल्यावर स्टेशनपर्यंत जाणारी बस महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची. त्यामुळे ‘बेलापूर ते मुंबई बोट कधी सुरू होणार’ या सरळ प्रश्नाचे पाच तुकडे होतात आणि मंत्री आपल्या वाट्याच्या तुकड्याचं उत्तर देऊन खाली बसतो. ते उत्तर खोटं नसतं. पण प्रवाशाला पाचही तुकडे एका रांगेत हवे असतात.

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरच्या नव्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं. स्पीडबोटीचं तिकीट आठशे रुपयांच्या पुढे, मोठ्या कॅटामरानचं तीनशेच्या आत. पुढच्या वर्षी गेटवे-बेलापूर सेवा आली. प्रतिसाद तोकडा पडला, फेऱ्या गळत गेल्या. नेरूळला सिडकोने शंभर कोटींहून अधिक खर्चून देखणी जेट्टी बांधली, पण बोटींआधी तिथे फोटो काढणारे आले. दरम्यान १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचं उद्घाटन झालं, ज्याची कल्पना १९६३ च्या विल्बर स्मिथ अहवालापासून कागदावर होती. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही धावू लागली. बोटीवरचे प्रश्न जुन्याच भाषेत येत राहिले, त्यांच्या खालची जमीन मात्र सरकली होती.

घरांच्या प्रश्नाची जमीनही सरकली होती. वाशीतले टेकू हा सिडकोच्या बांधकामाचा वारसा. पण गावठाणांभोवती दुसरंच शहर उभं राहत होतं. वाढत्या कुटुंबासाठी बांधलेली, ज्यांना सरकारी भाषेत ‘गरजेपोटीची घरे’ म्हणतात, ती एका बाजूला. साडेबारा टक्क्यांचे भूखंड आणि मोकळ्या जागा हाताशी धरून काही महिन्यांत चढवलेल्या चार-पाच मजली इमारती दुसऱ्या बाजूला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि सभागृहात दोन्हींचं ‘अनधिकृत बांधकाम’ हे एकच नाव होतं, त्यामुळे कारवाई म्हटलं की भूमिपुत्र उठतो आणि संरक्षण म्हटलं की त्याच्या आडून बिल्डर आत शिरतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडची इमारत कोसळून ७४ जण दगावले. ती हद्द ठाण्याची, पण नवी मुंबईच्या वेशीवरची. २०१५ मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. तिथे राहणाऱ्यांनी पैसे मोजून घर घेतलं होतं, कागद खोटे होते.

२७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावातली चार मजली इंदिरा निवास कोसळली. तडे जाण्याचा आवाज ऐकून कोणीतरी लोकांना उठवलं म्हणून पन्नासहून अधिक माणसं जिवंत बाहेर पडली, तिघं अडकून मेली. इमारत जेमतेम दहा वर्षांची. ती महापालिकेच्या धोकादायक यादीच्या कक्षेतच येत नव्हती. तीस वर्षं झाल्यावर स्ट्रक्चरल ऑडिट, असा कायदा आहे आणि कायद्याने जुनं होणं धरलेलं आहे, मुळातच कच्चं बांधणं धरलेलं नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिका सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी जाहीर करते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करा. शहाबाजमधल्या माणसांना यांतलं कुठलंच अक्षर लागलेलं नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडणूक झाली. बेलापुरात मंदा म्हात्रे आणि संदीप नाईक समोरासमोर. घरांचा प्रश्न दोघांनीही सभागृहात लावून धरलेला, त्यामुळे एकमेकांविरुद्ध वापरायला तो फारसा उरला नव्हता. म्हात्रे ३७७ मतांनी निवडून आल्या. ऐरोलीतून आलेले गणेश नाईक वनमंत्री झाले.

नव्या विधानसभेचं पहिलं हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू होतं तेव्हा, १८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना तिचा ताबा सुटला होता. संध्याकाळी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपुरातूनच १३ मृत्यूंची माहिती दिली, पुढे आकडा १५ वर गेला. बोटीची परवानगी ८४ प्रवाशांची, चढलेले शंभराच्या वर. बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हतं. स्पीडबोट संरक्षण खात्याची, पाणी बंदर प्राधिकरणाचं, गुन्हा कुलाबा पोलिसांत. नागपूरच्या सभागृहाला मेरीटाइम बोर्डाच्या परवान्यापुरतंच विचारता येत होतं आणि क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतले म्हणून बोर्डाने तो परवाना रद्द केला.